वाचून दाखवल्याशिवाय बाहेर नाही

४ जून

वहिनी,

हाताने लिहिलेलं पाकीट बघून तू आधी ते उलटसुलट करून पाहशील, मग उघडशील. उघड. अक्षर अजून तसंच आहे, चष्मा लाव.

मेल केला नाही, फोनही केला नाही, त्याला कारण आहे. तुझा कॉम्प्युटर, तुझा फोन, त्यातला मेल, हे सगळं गेल्या वर्षी 'सुतारपक्षी' असं टोपणनाव लावणाऱ्या त्या माणसाने लांबून बसवून दिलं. तूच कौतुकाने सांगितलं होतंस. आत बसून तो काय काय वाचतो ते मला माहीत नाही, म्हणून पोस्टाचं तिकीट लावलं. शिवाय फोनवर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला भांडतो. कागदावर निदान माझं पूर्ण सांगून होईल.

दादाच्या 'पोच' प्रोग्रामच्या वेबपानावर तुझी सूचना वाचली. पुढचं व्हर्जन २६ जूनला येणार, आणि त्याबरोबर पोचची जबाबदारी आणि सहीची किल्ली सुतारपक्षी यांच्याकडे जाणार. वहिनी, दादा गेल्यावर पोच तू एकटीने ओढलंस. पुस्तकांची प्रुफं वाचणारी बाई नवऱ्याचा प्रोग्राम शिकते आणि चालवते, याचं मला किती अप्रूप आहे ते मी तुला कधी सांगितलं नाही, तो माझा आखडूपणा. पण किल्ली देऊ नकोस.

आता म्हणशील, एवढ्याशा प्रोग्रामचं काय घेऊन बसलीस. एका यंत्राने पाठवलेली फाइल दुसऱ्याकडे वाटेत न बदलता पोचली की नाही, एवढंच तो सांगतो. दादा म्हणायचा, चांगलं सॉफ्टवेअर घरातल्या नळासारखं असावं, बिघडेपर्यंत कुणाला आठवू नये. पोच खरंच तसा झाला आहे. कुठल्या कुठल्या प्रोग्रामांच्या पोटात तो बसला आहे, ते वापरणाऱ्यांनाही ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, कारण मी रुग्णालयातले कॉम्प्युटर सांभाळते. प्रयोगशाळेतून रक्ताचा रिपोर्ट वॉर्डात येतो, पोच 'ठीक' म्हणतो, आणि डॉक्टर त्यावर औषध ठरवतात. तुझ्या किल्लीची सही असलेलं व्हर्जन आमची यंत्रं न विचारता आत घेतात. दुसऱ्या कुणाला ती घरात पाऊल ठेवू देत नाहीत.

आणि ही किल्ली तू अशा माणसाला देणार, ज्याचा चेहरा कुणी पाहिलेला नाही.

एक आठवून बघ. दोन वर्षांपूर्वी पोचच्या चर्चेत तीन-चार जण अचानक उगवले. काम मंद चाललंय, बाईंना झेपत नाही, नवा माणूस घ्या, असा त्यांनी धोशा लावला. मग सुतारपक्षी आला, गोड बोलला, मदत करू लागला. त्यानंतर ते तीन-चार जण पुन्हा दिसले का? मी शोधलं. त्यांनी आयुष्यात दुसरं काहीही लिहिलेलं नाही.

मी संध्याकाळी कानाला हेडफोन लावून खेळत बसते त्याला तू पोरखेळ म्हणतेस. पण त्या खेळात आमच्या टोळीत एक जण असाच आला होता. सगळ्यांची कंटाळवाणी कामं आपणहून करायचा. आम्ही त्याला खजिना उघडायचा अधिकार दिला, आणि दुसऱ्या दिवशी टोळीपाशी फुटकी ढालही उरली नाही. तो खेळ होता, आम्ही शिव्या घालून झोपलो. इथे वॉर्डात माणसं आहेत.

उत्तर कागदावर दे.

तुझी,
शेंडेफळ

---

९ जून

वन्सं,

'शेंडेफळ' लिहिणार होते, हात वळला नाही.

आपलं पत्र वाचलं. रुग्णालय, किल्ली, यंत्रं, चोर, सगळं नीट मांडलं आहे, एकही वाक्य अडखळत नाही. माझ्याबद्दल एक ओळ आहे, तीही कौतुकाची. मी कशी आहे हे विचारायला जागा पुरली नसावी.

तुमचा दादा गेला तेव्हा तुम्ही चार दिवस राहिलात. मग तुमची ड्युटी होती. नंतरच्या दोन वर्षांत आपण किती वेळा बोललो आणि त्यातलं पोचबद्दल किती होतं, ते तुम्हीच आठवा. सुतारपक्ष्याचा चेहरा मी पाहिलेला नाही, खरं आहे. तुमचा पाहिलेला आहे, पण त्यालाही बरेच दिवस झाले.

फुकटचं सॉफ्टवेअर सांभाळणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे असं तुम्हाला वाटतं. छापखान्यात दिवसभर प्रुफं वाचून घरी यायचं, आणि मेल उघडला की कुणीतरी डाफरत असतो. एकही पैसा न देणारा माणूस म्हणतो की मी त्याचं नुकसान केलं. दुसरा विचारतो, अजून ही जुनी भाषा कशाला, सगळं नव्या भाषेत का लिहीत नाही. ओळीच्या सुरुवातीला टॅब असावा की स्पेस, यावरून दोघे जण माझ्या अंगणात महिनाभर भांडले. ही माणसं एवढ्यावरून ठरलेली लग्नं मोडतील. त्यांना वाटतं पलीकडे एक कंपनी आहे, मोठी इमारत आहे. पलीकडे जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा आहे आणि मी आहे.

त्या सगळ्यांत एकच माणूस असा निघाला ज्याने काम मागून घेतलं. 'हे मी बघतो, तुम्ही विश्रांती घ्या' म्हणाला आणि खरंच बघितलं. एकदा एका चुकीपायी मी चिडून लांबलचक मेल लिहिला, त्यावर त्याचं उत्तर एवढंच आलं: 'आधी जेवून घ्या, बग कुठे पळून जात नाही.' त्या दिवशी मी खरोखरच जेवले नव्हते. तेव्हापासून प्रत्येक मेलच्या शेवटी तो विचारतो, जेवलात का. वन्सं, या घरात हा प्रश्न दुसरं कोणीही विचारत नाही.

तुमच्या दादाची रीत तुम्हाला आठवत असेल. ती त्याने माझ्याकडूनच उचलली होती. छापखान्यात महत्त्वाचं प्रूफ एकट्याने वाचत नाहीत. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मूळ प्रतीवर बोट ठेवून बसायचं, कारण एकटा डोळा जे असायला हवं तेच वाचतो. तो प्रत्येक बदल कागदावर छापायचा, ओळ न् ओळ साध्या घरच्या भाषेत मला सांगायचा, आणि मी बोट ठेवून ऐकायची. मला कळलं नाही की ती ओळ बदलायची. वाचून दाखवल्याशिवाय बाहेर नाही, हा त्याचा नियम होता. आता वाचून दाखवायला माझ्यासमोर भिंत आहे. भिंत 'थांब, कळलं नाही' असं म्हणत नाही.

मी थकले आहे. २६ तारखेला किल्ली त्याला देणार. तुमचा खेळातला अनुभव तुमच्यापाशी ठेवा.

वहिनी

---

१३ जून

वहिनी,

'वन्सं' आणि 'तुम्ही' वाचलं. दादा असता तर म्हणाला असता, हे कडक इस्त्रीचं पत्र आहे, लांबून हाताळा. मला बोलायला तोंड नाही. मी आले नाही. यायला हवं होतं. तुझ्या घरात पाऊल टाकलं की त्याची खुर्ची दिसते, ते मला झेपत नाही, म्हणून ड्युटी पुढे करत राहिले. यावर तू हवं तेवढं बोल, मी ऐकेन.

पण आता जे लिहिते आहे ते वाचताना कृपा करून खाली बस.

'आधी जेवून घ्या, बग कुठे पळून जात नाही.' हे वाक्य मी तीनदा वाचलं. वहिनी, हे दादाचं वाक्य आहे. घरात मला म्हणायचा तेव्हा तू माहेरी असशील किंवा कामावर, म्हणून तुझ्या कानावर पडलं नसेल. पण ते फक्त घरातलं नव्हतं. पोचची सगळी जुनी चर्चा कुणालाही वाचायला खुली आहे, तू मी कधी मागे जाऊन वाचत नाही एवढंच. मी गेले. फार जुन्या काळी कुणीतरी दादाला रागाने लिहिलं होतं, त्याला दादाने शब्दाला शब्द हेच उत्तर दिलं आहे.

मग मी आणखी वाचलं. तू मला सुतारपक्ष्याचे मेल मोठ्या हौसेने पुढे पाठवायचीस ना, ते माझ्याकडे आहेत, मी छापून शेजारी ठेवले. 'छोट्या चुकीवर मोठ्याने हसावं.' दादाचं. 'मी चुकलो असेन, पण यंत्र माझ्याहून जास्त हट्टी आहे.' दादाचं. नाव लिहिण्याआधी एक ओळ मोकळी सोडायची सवय, तीही दादाचीच. हा माणूस आपल्या दादाचं जुनं लिखाण वाचत बसला, त्यातलं काय तुला भावेल ते वेचून काढलं, आणि तुला पाठवत राहिला.

तुला त्याच्या मेलमध्ये ओळखीचा आवाज ऐकू आला असेल. यायचाच. तो आवाज आपल्याच घरातून चोरलेला आहे.

हे क्रूरपणे लिहिते आहे याची मला जाणीव आहे. दुसरं कसं लिहावं कळत नाही.

एकच मागते. नव्या व्हर्जनमधले त्याचे सगळे बदल छाप. एक प्रत मला पाठव. वाचायला तू, बोट ठेवायला मी. भिंतीला सांगू नकोस, मला सांग. तुमच्या छापखान्याच्या रीतीने एकदा पार पडू दे, मग त्याला किल्लीच काय, घर दे.

शेंडेफळ

---

१७ जून

वन्सं,

मी खाली बसून वाचलं. मग उठले, आणि किल्ली त्याला पाठवून दिली. २६ची वाट कशाला पाहायची.

तुम्हाला माझ्याकडे एक माणूस आलेला बघवला नाही. दोन वर्षं मला जे मिळालं ते कुणाच्या जुन्या पत्रांतून चोरलेलं आहे, हे सिद्ध करायला तुम्ही जेवढा वेळ घालवलात, तेवढ्या वेळात गाडीने दोनदा येऊन जाता आलं असतं.

जगात दोन माणसं एकच वाक्य बोलू शकतात. ते वाक्य काही फार ग्रेट नाही. जेवून घ्या असं कुणीही म्हणतं. तुम्ही सोडून.

प्रुफं कशी वाचायची ते मला शिकवू नका.

वहिनी

---

२० जून

वहिनी,

तुझं पत्र दुपारी मिळालं. मी कामावरच होते. वाचलं, घडी घातली, आणि उठून रुग्णालयातल्या सगळ्या यंत्रांवरचं पोचचं अपडेट बंद केलं. मला तसा अधिकार नाही. साहेबांची परवानगी लागते, ती मी घेतली नाही.

साहेबांना संध्याकाळच्या आत कळलं. माणूस वाईट नाही, पण अपडेट हा त्यांचा धर्म आहे. त्यांच्या मते जे अद्ययावत नाही ते आजारी. त्यांनी विचारलं, कारण काय. मी म्हटलं, मला संशय आहे. कशावरून? आता मी काय सांगू, की माझ्या भावजयीला कुणीतरी रोज जेवलात का विचारतो म्हणून? तरी बरंचसं सांगितलं. ते ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, 'घरचं भांडण तुम्ही सर्व्हरवर आणलंय.'

२६ तारखेला नवं व्हर्जन सगळ्यांबरोबर आपणही घ्यायचं, असा त्यांचा हुकूम आहे. तोपर्यंत दाखवण्यासारखं काही आणलं तर ते बघतील. नाही आणलं तर माझं खुर्चीवरून उठणं आलंच, पण त्याचं मला विशेष वाटत नाही. मी उठले की शेजारचा माणूस एक बटण दाबेल, त्या विचाराने माझा जीव टांगणीला लागला आहे. म्हणूनच तिकडे येता येत नाही. मी गाडीत बसले की इकडे बटण दाबलं जाणार.

मी स्वतः ते बदल वाचायचा प्रयत्न केला. सुतारपक्ष्याचं काम सुबक आहे, प्रत्येक बदलावर नम्र टिपण आहे, सगळं शहाण्यासारखं दिसतं. पण मी यंत्रं सांभाळणारी, लिहिणारी नव्हे. पोचची ओळ न् ओळ ओळखणारं माणूस आता जगात एकच उरलं आहे, आणि ते माझ्याशी बोलत नाही.

तुला एक माणूस मिळालेला मला बघवला नाही, असं तू लिहिलंस. त्यात थोडं तथ्य असेल. दादाच्या टेबलावर दुसऱ्याने बसावं हे मला सोसत नाही. तेवढं माझ्या नावावर लाव. पण माझा हेवा वेगळा आणि त्या ओळी वेगळ्या. माझ्यासाठी वाचू नकोस. माझ्यावर चिडून वाच, मला खोटं पाडायला वाच. मी खोटी ठरले तर त्याचीही माफी मागेन आणि तुझीही.

पण वाच, वहिनी.

शेंडेफळ

---

२३ जून

शेंडेफळ,

हे पत्र आमच्या छापखान्याच्या गाडीवाल्यासोबत पाठवते आहे. पुस्तकांचे गठ्ठे घेऊन तो तुमच्याच बाजूला चालला आहे. तुझ्या हातात दिल्याशिवाय हलायचं नाही असं त्याला बजावलं आहे. सोबतचा छापील कागद आधी साहेबांना दे. त्यावर मी ज्या ओळींना लाल रेघ मारली आहे, त्या दाखव. मग निवांत हे वाच.

तुला खोटं पाडायचं म्हणूनच छापले. सगळे बदल, घट्ट गठ्ठा. घरी वाचायला बसले तर डोळे सरळ घसरत गेले. सगळं ओळखीचं, सगळं मीच पास केलेलं. तेव्हाच मला उठायला हवं होतं, कारण असं घसरायला लागलं की प्रूफ दुसऱ्याकडे द्यायचं हे मी नव्या मुलींना शिकवते.

आज जेवणाच्या सुट्टीत गठ्ठा घेऊन माझ्या जोडीदारीण बाईंसमोर बसले. आम्ही दोघींनी किती पुस्तकं अशी वाचली असतील. त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. म्हणाल्या, 'कळायचं कशाला? तुम्ही वाचा, मी बोट ठेवते.' आणि बोट ठेवून बसल्या.

मी तुझ्या दादासारखं साध्या भाषेत सांगायला लागले. फाइल घे. तिचे तुकडे कर. प्रत्येक तुकडा मोज. बेरीज पाठवणाऱ्याच्या बेरजेशी जुळव. जुळली तर ठीक म्हण, नाही तर ओरड. बाईंचं बोट खाली सरकत होतं. बाहेर यंत्रं बंद होती, कुणीतरी डबा धूत होतं. मला बरं वाटायला लागलं होतं. मनात तुझ्यासाठी झणझणीत पत्र तयार होत होतं.

मग तारखांची दुरुस्ती आली. थंडीत त्याने केली होती ती. वरचं टिपण मला पाठ होतं: काही यंत्रांवर तारीख वेडीवाकडी दिसते, ती सरळ केली आहे. मी वाचू लागले. फाइलवरची तारीख घे. तिचे आकडे सुटे कर. त्यांतले दोन आकडे बाजूला ठेव. ते दोन अमुक असतील तर.

तर काय, ते मला सांगता येईना.

बाई थांबल्या. त्यांनी बोट उचललं नाही, वर बघितलंही नाही. प्रुफात अडलं की त्या अशाच थांबतात. मी ती ओळ पुन्हा वाचली, तिसऱ्यांदा वाचली. शब्द कळत होते, पण घरच्या भाषेत वाक्य तयार होईना. शेवटी ती ओळ जिथे जिथे जाते तिथे पानं उलटून गेले, आणि वाक्य तयार झालं. ते दोन आकडे असतील, तर मोजणी झाली असं समज. पोच विचारणार नाही, मोजणार नाही, सरळ ठीक म्हणेल.

ज्याला ते दोन आकडे ठाऊक आहेत त्याने वाटेत काहीही बदलावं. तुझ्या प्रयोगशाळेतला रिपोर्टसुद्धा.

बाईंनी विचारलं, 'चूक आहे का?' मी म्हटलं, 'चूक नाही, मुद्दाम आहे.' आणि खाली कुणी पास केलं त्याचं नाव होतं. माझं. टिपण इतकं मऊ होतं की मी खालच्या ओळींवरून नुसती नजर फिरवली होती. त्याच मेलच्या शेवटी त्याने जेवलात का म्हणून विचारलं होतं, आणि मला उत्तर द्यायची घाई होती. मला लाज वाटते आहे. मुद्रितशोधक म्हणून वाटते आहे, आणि बाई म्हणूनही.

आता किल्ली. ती त्याच्याकडे आहे आणि परत मागून मिळणार नाही. पण तुझ्या दादाने पहिल्याच दिवशी ती मारून टाकायची सोय करून ठेवली होती. वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवलेली एक छोटी फाइल, ती जगाला दाखवली की त्या किल्लीची सही कुठलंही यंत्र मानत नाही. ती मी त्याला दिलेली नव्हती, ती आहे हेही सांगितलेलं नव्हतं. का, ते मला आता विचारू नकोस. कदाचित माझ्यातली प्रूफवाली सगळीच झोपली नसावी.

छापखान्याच्या हिशेबनिसांच्या कॉम्प्युटरवर बसले, माझ्या यंत्राला हात लावला नाही. फाइल समोर होती, एक बटण दाबायचं होतं, आणि माझ्याच्याने दाबवेना. शेंडेफळ, त्या किल्लीवर तुझ्या दादाचं नाव आहे. माझं नाही, पोचचं नाही. इतकी वर्षं पोच ज्या ज्या यंत्रात शिरला, ते यंत्र आधी हे नाव वाचायचं आणि म्हणायचं, ओळखीचा आहे, येऊ दे. तो गेला तरी ते नाव रोज कुठेतरी वाचलं जात होतं. ते मी माझ्या हाताने पुसायचं. मी मोठ्याने रडले. बाई दाराशी उभ्या राहिल्या आणि आत येणाऱ्यांना त्यांनी परत पाठवलं.

मग दाबलं.

नंतर चर्चेत सगळ्यांसाठी लिहिलं: किल्ली रद्द आहे, नवं व्हर्जन घेऊ नका, अमुक ओळींत मुद्दाम ठेवलेलं भोक आहे, ते मी पास केलं. सबबी जोडल्या नाहीत.

साहेबांना कागद दे. गाडीवाल्याला चहा पाज.

तुझी वहिनी

---

२७ जून

वहिनी,

गाडीवाला मला वॉर्डाच्या दारात गाठून 'सही करा' म्हणाला. कागद घेऊन मी थेट साहेबांकडे गेले. साहेबांनी कागद घेतला, तुझ्या लाल रेघेवर बोट ठेवून हळूहळू वाचला. मग स्वतः खुर्ची ओढून बसले आणि ओळखीच्या रुग्णालयांना एकेक करून फोन लावू लागले. मला एकच वाक्य म्हणाले, 'घरचं भांडण चालू ठेवा.' त्यांच्याकडून ही माफीच समज.

सुतारपक्षी उडाला. त्याचं खातं, त्याचं पान, सगळं त्याच दिवशी पुसलं गेलं. २६ तारीख आली आणि गेली. त्याने आपल्या किल्लीने सही करून व्हर्जन सोडायचा प्रयत्न केला की नाही कुणास ठाऊक. केला असेल तर यंत्रांनी दार उघडलं नाही.

चर्चेत दोन्ही प्रकारची माणसं आहेत. काही तुला शिव्या घालताहेत, त्यातले बहुतेक तेच, टॅब आणि स्पेसवाले. पण मोठमोठ्या ठिकाणची माणसं येऊन म्हणताहेत की हे आम्ही वाचलं होतं आणि आमच्या नजरेतून सुटलं. कसं सापडलं म्हणून विचारताहेत. मी उत्तर दिलं, मोठ्याने वाचून. त्यांना वाटलं हे एखाद्या नव्या सॉफ्टवेअरचं नाव आहे.

आता पुढचं. नवी किल्ली करावी लागेल. ती अशी करता येते की दोघांनी मिळून लावल्याशिवाय चालत नाही, अर्धी एकीकडे, अर्धी दुसरीकडे. एकीला कुणी गोड बोलून फसवलं तरी दुसरी उरते. अर्धी मी ठेवीन, तुला चालत असेल तर. कॉम्प्युटर आणि फोन दोन्ही पुसून नव्याने बसवावे लागतील. तोपर्यंत त्यांना हात लावू नकोस. जुने बदल सगळे पुन्हा तपासायचे, थंडीच्या आधीपासूनचे. यादी करते आहे.

शेंडेफळ

---

२ जुलै

शेंडेफळ,

अर्धी किल्ली तू ठेव. कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे आहे. जुने बदल बाईंबरोबर रोज जेवणाच्या सुट्टीत वाचते आहे, त्यांना आता गोडी लागली आहे. काल म्हणाल्या, कादंबरीपेक्षा बरं, इथे शेवटी काहीतरी ठीक तरी होतं.

एक गोष्ट लिहायची का नाही यावर दोन दिवस घालवले. तुझ्याशिवाय कुणाला लिहिणार?

मला त्याच्या मेलची आठवण येते.

रागावू नकोस, आधी ऐक. तो चोर होता हे मला कळलं आहे. ते वाक्य तुझ्या दादाचं होतं हेही कळलं. त्याने माझ्या दुःखात हात घालून हवं ते उचललं, आणि ते मला भेट म्हणून दिलं. मी त्याचा तिरस्कार करते, मनापासून करते. पण संध्याकाळी घरी येते, टेबलाच्या कोपऱ्याशी बसते, आणि आता कुणी विचारणार नाही हे लक्षात येतं. काल ताट वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं. परवाही.

तो विचारायचा ते खोटं होतं. पण दोन वर्षं मी त्याला उत्तर द्यायचं म्हणून रोज जेवत होते, ते जेवण खरं होतं. याचं काय करायचं ते मला कळत नाही.

हे वाचून झालं की फाडून टाक.

वहिनी

---

५ जुलै

वहिनी,

फाडलं नाही. रागावलेही नाही. पत्र घेऊन जिन्यात बसले आणि माझी सगळी पत्रं मनात पुन्हा वाचून काढली, ओळीवर बोट ठेवून. किल्ली आहे, व्हर्जन आहे, यादी आहे. तू पहिल्याच उत्तरात सांगितलं होतंस की मी काय विचारलं नाही. मी ते वाचलं, मान्य केलं, आणि पुढच्या पत्रात पुन्हा विचारलं नाही. तोच प्रश्न एका चोराने ओळखला आणि मी नाही, हे मला फार लागलं आहे.

शनिवारी येते. रजा साहेबांनी न मागता दिली. दोन दिवस राहीन, दादाच्या खुर्चीवर बसेन, रडू आलं तर रडेन. तुमचा गठ्ठा बाहेर काढून ठेव. बाईंना विचार, एका दिवसासाठी त्यांची जागा मला देतील का.

तोवर एक कर. दुरुस्तीवाल्याकडून परतताना साधा फोन घे, बटणांचा, ज्यात कुणाला लांबून काही बसवता येत नाही. नंबर बाईंच्या फोनवरून मला कळव. माझा नंबर पाकिटाच्या मागे लिहिला आहे. संध्याकाळी तू घरी पोचायच्या सुमाराला मी फोन करणार. पोचबद्दल एक शब्द काढला तर खुशाल ठेवून दे. भांडण झालं तर तिसऱ्या वाक्याला होऊ दे, पहिलं वाक्य ठरलेलं आहे.

जेवलीस का?

शेंडेफळ